नऊ नंबरच्या पुढं कोण उभं होतं

एक

सोनबाला मातीतून ओढून काढला, तेव्हा त्याच्या कमरेला भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं होतं. गाठसुद्धा सुटली नव्हती. भिंतीच्या पायथ्याला जेवायला बसावं म्हणून तो सावली शोधत गेला, आणि वरून भिंतीची कूसच्या कूस त्याच्या अंगावर आली. बाकीचे वाचले ते केवळ नशिबानं.

एकोणऐंशी सालची ही गोष्ट. वेल्ह्याच्या मागं, तोरण्याच्या सावलीतल्या खडकआंबे गावात मातीचं धरण चाललं होतं. प्रेत घरी नेण्याआधीच गावानं निकाल लावून टाकला होता. जगननं मारला. एकानं म्हटलं, दहांनी माना डोलावल्या, आणि जगनच्या घरावरची कौलं फुटायला लागली. त्याची आई धोंडाबाई आडवी आली, तर एक धोंडा तिच्या कपाळावर बसला. तो सोनबाच्या बायकोनं, सरूबाईनं मारला होता. सगळ्यांनी बघितला आणि कुणी तिचा हात धरला नाही.

जगनवर राग का, तर त्याचं कामच तसं होतं. ओली माती घाईघाईनं दाबली की भिंतीच्या पोटात पाणी कोंडतं, त्याचा दाब वाढतो, आणि दाब फार झाला की भिंत सरकते. तो दाब कळावा म्हणून पोटात बारा डब्या पुरल्या होत्या. प्रत्येक डबीची तार पत्र्याच्या खोलीत येत होती. तिथलं यंत्र एकेका तारेला पाळीपाळीनं विचारायचं, तुझा दाब किती, आणि आकडा दाखवायचं. टकटक आवाज करतं म्हणून गाव त्याला टकटक्या म्हणायचं. आकडा तांबड्या रेषेवर गेला की जगननं बाहेर टांगलेला रुळाचा तुकडा बडवायचा. रूळ वाजला की सगळ्यांनी भिंतीवरून खाली यायचं आणि दाब ओसरेपर्यंत काम बंद.

त्या दिवशी रूळ वाजला नाही. जगन झोपला होता, नाहीतर विकला गेला होता, गावाला तिसरं काही सुचतच नव्हतं.

वेल्ह्याचे फौजदार आनंदराव ओव्हाळ आले आणि त्यांनी आधी जगनला जीपमध्ये घातलं, नाहीतर गावानं त्याला तिथंच संपवला असता. जीप निघताना सरूबाई पुढं येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"फौजदार, त्याला भोरला नेऊन फासावर द्या. न्हाईतर आमच्या हवाली करा. तिसरं कायबी आमाला नको."

वरच्या साहेबांचंही जवळजवळ तेच म्हणणं होतं. परवा भोरच्या कोर्टात उभा करा, निष्काळजीपणानं मृत्यू, फार खोलात शिरू नका. आनंदरावांना आयुष्यात एका वाक्याचा मनापासून तिटकारा होता, आणि ते हेच वाक्य होतं. खोलात शिरू नका म्हटलं की त्यांना हमखास वास यायचा.

दोन

कोठडीत जगन भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटलेला, डोळा सुजलेला. त्याला स्वतःपेक्षा बायकोची काळजी होती, कारण ती दिवसात होती आणि कौलं फुटलेल्या घरात होती. त्यानं देवाची, आईची, होणाऱ्या पोराची शपथ घेऊन सांगितलं, की तो जागा होता आणि नवाचा आकडा शेवटपर्यंत तांबड्या रेषेच्या पुष्कळ खाली होता. नऊ नंबरची डबी म्हणजे नेमकी जिथून भिंत सुटली तिथली.

आनंदरावांनी त्याला उलटसुलट विचारलं. शिव्याही घातल्या, कारण गोड बोलून सत्य बाहेर येतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. पहिली, की नऊ नंबर पूर्वी फार त्रास द्यायचा. आठवड्यातून दोनदातीनदा रूळ वाजवायला लागायचा, काम थांबायचं आणि मुकादम बाजीराव दातओठ खायचा. मग एकाएकी नऊ शहाण्यासारखा वागायला लागला. केव्हापासून, तर जगनच्या बायकोच्या डोहाळजेवणापासून.

दुसरी गोष्ट जगनला स्वतःला क्षुल्लक वाटत होती. हल्ली बाजीराव रोज सकाळी खोलीत डोकावायचा आणि दोन नंबरचा आकडा विचारायचा.

"नवाचा न्हाई?" आनंदरावांनी विचारलं.

"न्हाई सायब. दोनाचाच. दोन तर पार टोकाला, कोरड्या मातीत. त्याला कोण इचारतंय?"

पुण्याहून यंत्र बसवणारे जठारसाहेब दुपारी खोलीत भेटले. जाड भिंगाचा चष्मा, पांढरा शर्ट, आणि समोरच्याला मोजून बोलण्याची सवय. फौजदारानं यंत्राबद्दल विचारावं हाच त्यांना अपमान वाटला. त्यांनी खिशातून एक बॅटरी काढली, ती बाराही तारांच्या जागी एकेक करून जोडली, आणि प्रत्येक वेळी टकटक्यानं अगदी बरोबर तोच आकडा दाखवला.

"यंत्र खोटं बोलत नाही, ओव्हाळ. माणसं बोलतात. तुम्ही माणसांकडे बघा. ते तुम्हाला झेपेल."

आनंदरावांनी ते ऐकून घेतलं. असली वाक्यं त्यांनी शाळेपासून ऐकली होती आणि ती कुठं ठेवायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते माणसाकडे बघतच होते. जठार बोलताना सगळ्या तारांकडे बोट करत होते, फक्त नवाकडे करत नव्हते.

तारांच्या फळीवर एका कोपऱ्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. जठारांनी नाक मुरडलं आणि ते पाडायला हात पुढं केला. आनंदरावांनी तो हात मनगटात धरला. जठारांना घाम फुटला, पण फौजदाराचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. मातीच्या त्या घराला मधोमध एक गुळगुळीत खाच होती, बरोबर एका तारेच्या जाडीची. माशीनं घर बांधलं तेव्हा तिथून तार जात होती. ती मातीत लिंपली गेली होती. आता खाच रिकामी होती.

कुणीतरी तार हलवली होती. आणि बाहेर हवालदार सांगत आला, की तारांचं काम करणारा कुंडलिक सकाळपासून गायब आहे.

तीन

कुंडलिक वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर सापडला. डोक्यावर घोंगडी ओढून स्वारगेटच्या गाडीची वाट बघत होता, उन्हाळा तोंडावर आलेला असताना. त्याचं आणि जगनचं वाकडं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. खोलीतली नोकरी त्याच्या धाकट्या भावाला मिळायची होती, ती जगनला मिळाली. हवालदार खूश झाला. माणूस मिळाला, वैर मिळालं, पळाला म्हणजे गुन्हाही मिळाला.

पण कुंडलिक भलतंच कबूल करायला लागला. नऊ नंबरची तार पुरताना मध्येच तुटली होती. त्यानं ती जोडली, पण सांध्यावर पाणी आलं होतं, आणि सांधा कच्चा राहिला हे त्याला तेव्हाच कळलं होतं. जठारसाहेबांना त्यानं सांगितलंही. त्यांनी बघितलं, थोडा विचार केला, आणि पुन्हा उकरत बसू नका, मी फळीवर सोय करतो म्हणाले. आता माणूस मेला, सांधा आपला, म्हणून तो पळाला.

"आणि डोहाळजेवणाच्या दिवशी फळीवरची तार कुणी हलवली?"

तार हलल्याचंच कुंडलिकला माहीत नव्हतं. भांडण असलं तरी भावकी होती, त्या दिवशी तो जगनच्या दारात पंगतीला वाढत होता. हे खोटं असतं तर अर्ध्या गावाच्या पोटात त्याच्या हातचा भात गेला नसता.

आनंदरावांनी कोठडीत परत जाऊन जगनला एवढंच विचारलं, की कुंभारणीनं घर कधी केलं. डोहाळजेवणाच्या आदल्या आठवड्यात, जगन म्हणाला. आईनं सांगितलं, बाई पोटुशी असताना कुंभारीण घर करते ते शुभ, हात लावू नकोस. म्हणून त्यानं ते जपलं होतं. आणि डोहाळजेवणाच्या दिवशी खोलीत कोण होतं?

जगनचा चेहरा पहिल्यांदा उजळला. बाजीरावांनी मोठ्या मनानं त्याला घरी धाडलं होतं. जा, बायकोची हौस कर, टकटक्याजवळ मी बसतो, म्हणाले होते.

म्हणजे माणूस सापडला होता. पण तार एका जागेवरून दुसऱ्या जागी नेली तर भिंतीच्या पोटातला दाब कसा लपेल? तार तीच, डबी तीच. उद्याच्या कोर्टात जठार उभे राहतील, खिशातून बॅटरी काढतील, आणि जगन आत जाईल. आनंदरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

चार

सकाळी ते खडकआंब्याच्या दूध डेअरीवर गेले. चेअरमन बाजीराव स्वतःच होता, पण तो अजून यायचा होता. सेक्रेटरी सावळाराम दूध तपासत होता. आलेलं दूध एका काचेच्या नळकांड्यात ओतायचं, त्यात काटा सोडायचा, काटा किती बुडतो त्यावरून दूध घट्ट की पाणचट ते ठरवायचं, आणि नळकांडं जरासं कलतं करून पुढचं दूध ओतायचं.

रांगेत भामाबाई एका बाईशी कडाकडा भांडत होती. ती बाई तिच्या आणि पुढं उभ्या असलेल्या गेनूच्या मधे घुसली होती. भामाबाईनं तिच्या सात पिढ्या उकरल्या, पण जागा सोडली नाही. आनंदराव करवादले, की बाई, दूध कुठूनही मोजलं तरी तेवढंच भरणार, एका जागेसाठी जीव काय घेता? रांग हसली. भामाबाई मात्र हसली नाही. तिनं डोळे बारीक करून फौजदाराकडे बघितलं आणि गेनूच्या मागं आणखी खेटून उभी राहिली.

सावळारामनं चहा आणला. कोनाड्यात वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप. आनंदरावांनी तो ओळखला. खाकी कपडे घातले तरी त्यांचा कप कोनाड्यातलाच असायचा. त्यांनी चहा पिऊन कप ठेवला. सावळारामनं तो दोन बोटांनी उचलला, दाराबाहेर नेला आणि विसळला. एकदा, दोनदा, तीनदा. मग आत येऊन त्याच हातानं नळकांडं कलतं केलं. तळाला गेनूच्या म्हशीचं घट्ट दूध तसंच राहिलं, आणि त्यावर भामाबाईचं पांढरं पाणी पडलं. काटा छान वर तरंगला.

आनंदराव ताडकन उठले.

"सावळाराम, माझा कप तीनदा विसळलास. ते नळकांडं आजवर एकदा तरी विसळलंस का रे?"

सावळारामला वाटलं, फौजदार जातीवरून बोलला. तो पांढराफटक पडला. ते खरंही होतं, आनंदरावांना ते लागलं होतं, आणि ते कधीच लागायचं थांबलं नव्हतं. पण त्या क्षणी त्यांना भामाबाईची जागा दिसत होती. गेनूच्या मागं उभं राहिलं की पाणीसुद्धा दूध ठरतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. चेअरमनला तर होतंच होतं.

ते तसेच जीपमध्ये बसले. वाटेत धरणाकडून रोलरचा आवाज आला. माती अंगावर येऊन तीन दिवस झाले नाहीत, तोवर बाजीरावनं उरलेल्या भिंतीवर माणसं चढवली होती.

पाच

खोलीत दाटी झाली. जठार, बाजीराव, कुंडलिक, बेड्या घातलेला जगन. दारात सरूबाई. तिला आनंदरावांनी मुद्दाम बोलावलं होतं आणि ती जगनवर थुंकूनच आत आली होती.

बाजीराव पानाची पिंक टाकून म्हणाला, की काम खोळंबतंय, काय ते आटपा. फौजदारांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते जठारांसमोर उभे राहिले.

"साहेब, तुमच्या यंत्रात नळकांडं कुठंय?"

जठारांचा चष्मा घसरला. मग ते जे बोलायला लागले ते थांबेचनात. यंत्रात विजेची एक इवलीशी साठवण असते. ती प्रत्येक तारेला क्षणभर जोडली जाते. तेवढ्यात तारेनं ती स्वतःच्या पातळीपर्यंत भरायची, मग यंत्र ती मोजतं आणि पुढं जातं. धडधाकट तार झटकन भरते. पण नवाच्या सांध्यात ओल. तिची वाट चिंचोळी. ती भरून पुरी व्हायच्या आत यंत्र पुढं निघालेलं असतं. मग साठवणीत राहतं ते बहुतांशी आधीच्या तारेचं.

"आणि बॅटरी?"

"बॅटरी बळकट असते. कुठंही लावली तरी ती साठवण लगेच भरते," जठार पुटपुटले.

"म्हणजे ती गेनूची म्हैस. तिला रांगेत कुठंबी उभी करा, दूध घट्टच. कोर्टात तुमी म्हशीचं दूध मोजून दाखवणार होता, आणि आत जाणार होता हा."

जठारांनी मान खाली घातली. सांधा कच्चा आहे हे त्यांना माहीत होतं. पुन्हा खोदायचं तर वरिष्ठांना चूक सांगावी लागली असती. फळीवर तारा नंबरवार नव्हत्या, जशा आल्या तशा लावलेल्या होत्या, म्हणून त्यांनी नऊची तार मुद्दाम आठाच्या मागं लावली. आठ नंबर नवाच्या शेजारीच, त्याच ओल्या पोटात, त्याचा दाब जवळजवळ नवाइतकाच. उरलंसुरलं आठाचं मिसळलं तरी फारसं बिघडत नव्हतं. ही युक्ती त्यांनी एकाच माणसाला मोठ्या कौतुकानं सांगितली होती. डेअरीत चहा पिताना, नळकांड्याकडे बोट दाखवून.

सगळे बाजीरावकडे वळले. तो हसला. म्हणाला, चहा तर सगळं गाव पितं, आणि तार कुणीही हलवील.

"हलवील," आनंदराव म्हणाले. "कुंभारणीच्या घराची खाच आठाच्या मागच्या जागेला आहे. तार आता दोनाच्या मागं आहे. हलली ती कुंभारणीनं घर केल्यावर. आणि रूळ वाजायचा थांबला डोहाळजेवणापासून. त्या दिवशी हितं तुमी एकटे बसला होता. पण ते सोडा. तार हलवणाऱ्याला एक काळजी लागली असणार. दोन कोरडा राहिला पायजे. दोनाचा आकडा चढला की नवाचाबी चढणार. म्हणून तुमी रोज सकाळी दोनाचा भाव विचारत होता."

"तोंडाला येईल ते बोलू नका," बाजीराव म्हणाला. आता तो हसत नव्हता.

आनंदराव दाराकडे वळले. रोलरखाली वरचा कोरडा थर बसावा म्हणून सरूबाई भिंतीवर पाणी शिंपडायच्या कामावर होती, हे त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. त्यांनी तिला विचारलं, की भिंतीवर सगळीकडे पाणी मारत होतीस ना. ती म्हणाली, सगळीकडं. फक्त त्या टोकाला न्हाई.

"का न्हाई?"

"मुकादमांनी सांगितलं व्हतं. लई बजावून सांगितलं व्हतं. त्या टोकाला एक थेंब पडला तर कामावरनं काडीन म्हनले. म्हनून म्या जपत व्हते..."

ती बोलता बोलता थांबली. दोन नंबर कुठल्या टोकाला आहे, हे तिला कुणी सांगायची गरज उरली नव्हती. तिनं एकदा यंत्राकडे बघितलं, एकदा स्वतःच्या हातांकडे.

आनंदरावांनी जगनच्या बेड्या काढल्या आणि टकटक्या नवावर थांबवायला सांगितलं. नवाची डबी खोल, उरलेल्या भिंतीच्या पोटात शाबूत होती. पुढं जाऊ द्यायचा नाही, तिथंच धरून ठेवायचा. जगननं खटका दाबला. टकटक थांबली. आकडा आधी दोनाइतकाच होता, गरीब, खालमानेचा. मग तो हलला. साठवण भरायला लागली. आकडा सावकाश वर चढला, अजून चढला, तांबड्या रेषेला टेकला आणि पलीकडे गेला. तरी थांबेना.

बाहेर उरलेल्या भिंतीवर रोलर घरघरत होता आणि माणसं पाट्या टाकत होती.

बाजीराव दाराकडे सरकला, हवालदारानं त्याच्या गळपट्टीला हात घातला. त्या झटापटीत सरूबाई बाहेर पडली. तिनं लोखंडी दांडका उचलला आणि रुळावर घातला. रूळ दरीभर वाजला. रोलरवाल्यानं उडी टाकली, बायांनी पाट्या फेकल्या, माणसं पडत झडत खाली धावत सुटली. सगळी खाली आली, मोजून झाली, तरी ती बडवतच होती. जगन तिला थांब म्हणायला पुढं झाला, पण तिच्याजवळ जायचा त्याला धीर होईना.

आवाज ऐकून धोंडाबाई वाडीतून आली. कपाळाला चिंधी बांधलेली, तिच्यावर वाळलेलं रक्त. तिनं गर्दीकडे बघितलं नाही, सुटलेल्या लेकाकडेही नाही. ती सरळ रुळापाशी गेली आणि सरूबाईचा वर गेलेला हात तिनं मनगटात धरला. सरूबाईच्या हातून दांडका गळून पडला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा ती रडली.